एकोणतिसावं पान

ज्योत्स्नाबाईंनी पेन्सिल उचलली ती खूण करण्यासाठीच. एकोणतिसावं पान आलं होतं. दुपारची वेळ, गॅलरीत ऊन आणि उन्हातही गारठा, खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी. पुस्तक मांडीवर दाबून त्यांनी नीट उघडं केलं, पानाच्या आकड्याखाली पेन्सिल नेली आणि थांबल्या. तिथे खूण होती. छोटा त्रिकोण, वर आखूड मान, आत पाण्याची पातळी दाखवणारी एक आडवी रेघ. कोनिकल फ्लास्क. त्याच्या शेजारी आणखी एक फ्लास्क होता. त्याच्याही शेजारी एक होता, पण त्याची मान काढायची राहून गेली होती, नुसता त्रिकोण आणि आत रेघ.

वाचनालयाच्या पुस्तकांवर खुणा करू नयेत अशी पाटी प्रत्येक कपाटावर होती आणि जुने वाचक सगळे खुणा करत. कोणी सतराव्या पानाच्या आकड्याला गोल करी, कोणी शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात आद्याक्षर घाली, एक बाई कुठेतरी मधल्या पानावर तुळशीचं पान काढत. कारण साधं होतं. मूळ वेष्टणं केव्हाच गेलेली, सगळ्या पुस्तकांना तोच तपकिरी पुठ्ठा आणि तीच कापडी पाठ. वर्षानुवर्षं त्याच कपाटांतून पुस्तकं नेणाऱ्याला नावावरून काही आठवत नाही, घरी नेऊन बरंच वाचून झाल्यावर कळतं की हे झालेलं आहे. म्हणून घेतानाच आपलं पान उघडून बघायचं. ज्योत्स्नाबाईंचं पान एकोणतिसावं, कारण तांब्याचा अणुक्रमांक एकोणतीस. कॉलेजात दर जूनमध्ये नव्या मुलांना पहिल्या प्रॅक्टिकलला त्या मोरचुदाचे, म्हणजे तांब्याच्या क्षाराचे, खडे करायला लावत. रात्रभर ठेवलेल्या द्रावणात सकाळी ते निळे खडे दिसले की मुलांचे चेहरे बदलत. रसायनशास्त्र आवडायला तेवढं पुरतं, असं त्यांचं मत होतं.

अलीकडे मात्र त्या घेताना पान बघत नसत. केव्हापासून बघत नव्हत्या हे त्यांना सांगता आलं नसतं.

खुणा दिसल्या याचं एवढं काही नव्हतं. चाळीस वर्षांच्या वाचनात एखादं पुस्तक दुसऱ्यांदा हाती येतंच. बोचत होतं ते वेगळंच. सकाळपासून त्या हे पुस्तक आवडीने वाचत होत्या. किनाऱ्यावरच्या एका गावातल्या पोस्टमास्तरची गोष्ट होती. त्याचा भाऊ बोटीवर गेलेला, त्याची पत्रं यायची थांबलेली, आणि आठवड्यातून एकदा येणारी टपालाची पिशवी हा माणूस स्वतःच्या हाताने उघडायचा. स्वयंपाक करताना, भाकरी उलटताना, त्यांच्या मनात तो भाऊ होता. तो जिवंत असेल की नाही याचा त्यांनी दोन्ही बाजूंनी विचार केला होता. एकदा वाचलेलं पुस्तक पुन्हा वाचताना आत कुठेतरी काहीतरी हलतं, एखादं वाक्य आधीच ऐकू येतं, जिना उतरताना पुढची पायरी पायाला माहीत असते तसं. इथे काहीच हललं नव्हतं. उत्सुकता खरी होती. आधीच्या तिन्ही वेळाही ती अशीच खरी असली पाहिजे.

त्या उठल्या नाहीत. घाबरल्यावर माणसं उठतात आणि काहीतरी करत सुटतात, ते त्यांना आवडत नसे. आधी शक्यता मांडायच्या. कोणी आपली नक्कल केली असेल? कशाला करेल? एखाद्या जुन्या विद्यार्थिनीची हीच खूण असेल? असू शकेल, पण तिचंही पान एकोणतिसावंच? त्यांनी पुस्तक उन्हात धरलं. पहिला फ्लास्क बारीक, फिक्या राखाडी रेघेचा, कडक पेन्सिलीचा, तशा पेन्सिली त्या नोकरीत असताना वापरत. दुसरा जाड आणि काळा. तिसरा त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला हातातल्या पेन्सिलीने काढलेल्या रेघेशी ताडून पाहिला. तोच काळेपणा होता, तेच किंचित चमकणं. रेघ मात्र एके ठिकाणी तुटलेली, जशी हात मध्येच कशाने तरी थांबल्यावर तुटते. मग त्यांनी टेबलावरचं दुसरं पुस्तक आणलं, त्याच दिवशी घेतलेलं, अजून न उघडलेलं. एकोणतिसाव्या पानावर दोन फ्लास्क होते.

दोन्ही पुस्तकं मशीनवरून घेतलेली होती.

मशीन दिवाळीनंतर आलं. जिथे काउंटर होतं, तिथेच, पण काउंटरच्या चौथ्या हिश्श्याएवढ्या जागेत. उभा पांढरा खांब, त्याला पडदा, खाली काचेचं एक तबक. कार्ड दाखवायचं, पुस्तक तबकावर ठेवायचं, आत चिकटवलेली पट्टी मशीन आपोआप वाचतं, हिरवा दिवा लागतो, चिठ्ठी बाहेर येते. कोणी काही विचारत नाही. ज्योत्स्नाबाईंना ते आवडलं होतं. गेल्या वार्षिक सभेत मशीन घ्यावं की नाही यावर म्हाताऱ्या सभासदांनी बराच गलका केला, तेव्हा त्या मागच्या रांगेतून उठून बाजूने बोलल्या होत्या. वाचकाने काय वाचावं ते वाचकाला ठरवू द्यावं, एवढंच त्या म्हणाल्या. ते कोणाला उद्देशून आहे हे सभेतल्या अर्ध्या लोकांना कळलं आणि भिंतीला टेकून उभ्या असलेल्या योगिनीलाही कळलं असणार.

योगिनी काउंटरवर होती. घोटीहून एसटीने यायची, तिच्या पिशवीत डब्याबरोबर कधी कधी कोणासाठी तरी तांदूळ असायचा, आणि बस चुकली की वाचनालय उशिरा उघडायचं. मोठा आवाज, लोकांशी सलगी. कोणाची मुलगी कुठे दिली, कोणाचं ऑपरेशन कधी, सगळं तिथे उभ्याउभ्या चालायचं आणि मागे रांग थांबायची. तेही चाललं असतं. पण गेली दोनेक वर्षं तिने ज्योत्स्नाबाईंच्या बाबतीत एक निराळीच गोष्ट चालवली होती. त्यांनी निवडून आणलेलं पुस्तक ती हातात घ्यायची, अंगठ्याने सुरुवातीची पानं फरकन सोडायची, मध्येच थांबायची, आणि पुस्तक बाजूला ठेवून द्यायची.

"हे नको मॅडम."

"का?"

"बोअर आहे. लय रडारड. हे न्या त्यापेक्षा."

"योगिनीताई, मला हवंय ते द्या."

"अहो, मी तुमच्या भल्याचं सांगते. त्यात शेवटी सगळे मरतात. हे नवीन आलंय, कोणाचा हातपण नाही लागला अजून."

रांगेतले लोक हसायचे. ज्योत्स्नाबाईंचे कान तापायचे. आयुष्यभर ज्यांनी मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी बघा म्हणून सांगितलं, त्यांनी या वयात काय वाचायचं ते घोटीच्या योगिनीने ठरवावं. भांडण नको म्हणून त्या तिने दिलेलं पुस्तक घेऊन यायच्या आणि घरी आल्यावर ते बरं निघालं की त्यांना आणखीच राग यायचा.

अंगठ्याने सोडलेली पानं. त्यांनी मांडीवरच्या पुस्तकाची पानं तशीच सोडून पाहिली. सुरुवातीची पानं फरकन जातात आणि अंगठा जिथे सहज थांबतो, ते पान साधारण इथलंच येतं.

ऊन गॅलरीतून सरकलं तेव्हाही त्या तशाच बसून होत्या. जे समजलं होतं ते फार मोठं नव्हतं, त्याला आकार होता, कडा होत्या. दोन वर्षं एक बाई पान बघून पुस्तक परत ठेवत होती. म्हणजे दोन वर्षं त्या वाचलेली पुस्तकं पुन्हा निवडून आणत होत्या, अधूनमधून नव्हे, तर रांगेतल्यांना हसू येण्याइतक्या वेळा. मशीनने काही केलं नव्हतं. मशीनने फक्त पान बघितलं नव्हतं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक तराजू होता, काचेच्या पेटीतला. वर्षातून एकदा त्याची तपासणी व्हायची, बाहेरून आणलेल्या प्रमाणित वजनांनी. तराजूवर तराजू तपासता येत नाही, असं त्या मुलांना सांगत. तो चुकत असेल तर त्याला स्वतःला ते कधीच कळणार नाही, तो तितक्याच ठामपणे चुकीचं वजन दाखवत राहील. तपासणीत नापास झालेल्या उपकरणाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधायची, "वापरू नये", आणि ते कपाटात ठेवायचं. कोणी त्याबद्दल वाईट वाटून घेत नसे.

आईच्या वेळी त्यांनी वाईट वाटून घेतलं होतं का? नांदगावला शेवटच्या दोन वर्षांत आई खिडकीशी बसायची. वडील रेल्वेत होते, त्यांना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. आई विचारायची, "गाडी गेली का गं?" संध्याकाळची गाडी गेली की वडील घरी येत, तो हिशोब तिच्या डोक्यात पक्का होता, बाकी सगळं गळून गेल्यावरही. पहिल्या वेळी ज्योत्स्नाबाईंनी जवळ बसून समजावलं, हात धरला, रडल्या. नंतर नुसतं सांगितलं. मग एक आवाज तयार झाला. मान वर न करता, भाजी निवडता निवडता, "गेली, आई." त्या आवाजात चीड नव्हती. माया होती असंही म्हणता येणार नाही. गुळगुळीत आवाज होता तो, पुष्कळ वापरलेल्या जात्याच्या खुंट्यासारखा. मनमाडच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा डॉक्टर आईशी बोललेच नाहीत. खुर्चीत आई बसलेली आणि तिच्या डोक्यावरून दोघं बोलत होते, ती जेवते का, झोपते का, बाहेर निघून जाते का. आई पदराची कड बोटाने दुमडत होती. दुमडायची, सोडायची, परत दुमडायची.

संध्याकाळी सायलीचा फोन आला, बेंगळुरूहून, नेहमीच्या वेळेला. ज्योत्स्नाबाईंचे यजमान गेल्यापासून मायलेकींत एक करार होता. सायली सारखी म्हणायची, आई, एकटी नको राहूस, इकडे ये. आणि त्या म्हणायच्या, ज्या दिवशी माझं मला झेपेनासं होईल त्या दिवशी मीच सांगेन, तोवर हा विषय नको. सायलीने ते मानलं होतं, कारण आईचा शब्द मोजून दिलेला असतो हे तिला लहानपणापासून माहीत होतं. करार करताना त्यांना तो अगदी निर्दोष वाटला होता. त्यातली चूक आत्ता फोन कानाला लावताना दिसली. ज्याने सांगायचं, तेच उपकरण बिघडलेलं असणार.

"काय करत होतीस?"

"वाचत होते."

"कसं आहे?"

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "नवीन आहे."

"बघ, मशीनने बरी पुस्तकं दिली तुला. त्या बाई असत्या तर काढून घेतलं असतं हातातून." सायली हसली. त्याही हसल्या. फोन ठेवल्यावर घर होतं तसंच होतं, ओट्यावर झाकलेलं दूध, कपाटात यजमानांचे दोन शर्ट, खिडकीतून दिसणारी समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी. इथे त्यांना प्रत्येक बटण अंधारात सापडत होतं. बेंगळुरूला सायलीच्या घरी पाहुण्यांची खोली होती, तिथली खिडकी रस्त्याकडे उघडायची, आणि त्या खिडकीशी खुर्ची ठेवायला पुरेशी जागा होती.

स्वेटर काढताना उजव्या बाहीवर काहीतरी टोचलं. मनगटापाशी पांढरट, वाळलेला, कडक थर होता, कडेला अगदी थोडी निळसर झाक. नखाने खरवडला, पापुद्रा निघाला. काय असेल ते त्यांना आठवेना आणि आज न आठवणारी प्रत्येक गोष्ट टोचत होती. कपाटातून आयोडीनची बाटली काढली, कापसाने एक थेंब बाहीवर सोडला. थेंब पसरला आणि बघता बघता काळानिळा झाला. स्टार्च. म्हणजे भात, नाहीतर पेज, नाहीतर कांजी. सांडली असेल. उत्तर मिळाल्यावर त्यांना बरं वाटलं. हात अजून नीट चालत होते, डोकं रांगेने पुढे जात होतं, बिघडलेल्या माणसाला हे सुचलं नसतं. त्या समाधानातच त्यांना झोप लागली.

सकाळी दोन्ही पुस्तकं पिशवीत घालून त्या निघाल्या. नदीवरून येणारं धुकं अजून रस्त्यावर होतं, रिक्षावाल्याने कानाला मफलर गुंडाळला होता. योगिनीला विचारायचं, सरळ विचारायचं, आणि ती काय सांगते ते ऐकून मग सायलीचं ठरवायचं. मशीन आल्यावर तिला मागच्या बाजूला बांधणीच्या खोलीत टाकलं आहे, एवढं त्यांना माहीत होतं. कोणी सांगितलं ते आठवत नव्हतं, पण अशा गोष्टी कानावर येतातच.

मशीनपुढे एक काका पुस्तक उलटंसुलटं करून तबकावर ठेवत होते आणि दिवा लाल होत होता. वाचनालयाचा वॉचमन रावजी शेजारी स्टुलावर बसून होता. आता त्याचं काम लोकांना मशीन शिकवणं हेच झालं होतं.

"कार्ड आधी काका. कार्ड, मग पुस्तक. त्याला आधी माणूस लागतो." मग त्याने ज्योत्स्नाबाईंकडे पाहिलं. त्या काही बोलायच्या आत त्याने मागच्या बोळाकडे हात केला. "आहेत, मॅडम. आतच आहेत."

त्या दोन पावलं जाऊन थांबल्या. मी कोणाला भेटायला आले हे मी सांगितलं का याला? सांगितलं असेल. येता येता म्हटलं असेल.

बांधणीची खोली अरुंद होती, वर एकच ट्यूब. भिंतीला फाटक्या पुस्तकांच्या थप्प्या, पुस्तकं दाबायचा लाकडी शिकंजा, दोऱ्याची रिळं, आणि मधल्या टेबलावर स्टीलच्या पातेल्यात खळ, वर साय धरलेली. योगिनी स्टुलावर बसून एका पाठीला कापड लावत होती. मान वर करून तिने बघितलं आणि पायाने एक खुर्ची पुढे सरकवली. प्लास्टिकची खुर्ची, वर घडी घातलेलं पोतं. बसायला गार लागू नये म्हणून.

"बसा मॅडम. टेबलाला हात लावू नका, ओलं आहे."

"बस मिळाली का वेळेवर?"

"मिळाली. आता मिळाली काय न् नाय काय, कोणाचं अडतंय? मशीनचं बरं असतं बघा. त्याला घोटी नाय, सासू नाय, बस चुकत नाय." ती हसली. "चालतंय का नीट तुम्हाला? तुम्हीच आणलंय ते."

टोमणा होता, पण धार नव्हती. ज्योत्स्नाबाईंनी पिशवीतून पुस्तक काढलं, एकोणतिसावं पान उघडलं आणि टेबलावर ओलं नव्हतं त्या जागी ठेवलं. रिक्षात त्यांनी वाक्यं जुळवून ठेवली होती. "योगिनीताई, तुम्ही पुस्तक देताना हे पान बघत होतात."

"बघायची ना." योगिनीने पानाकडे पाहिलंही नाही. कापडाची कड ती अंगठ्याने दाबत होती. "पहिल्यांदी मला वाटलं, मॅडमला आवडलं असेल म्हणून परत नेतात. मग एक पुस्तक तुम्ही सोमवारी आणून दिलंत आन् त्याच आठवड्यात परत घेऊन आलात. तेव्हापासून बघायला लागले. तुमची ती बाटली दिसली की बाजूला."

"मला सांगितलं का नाही?"

"रांगेत? सगळ्यांपुढं?" ती म्हणाली. "आन् खरं सांगू, तुम्ही चिडायच्या ना, ते मला बरं वाटायचं. एरवी कुठं कोणी प्रोफेसर आपल्यावर चिडतंय."

बोलणं सरळ होतं, मोकळं होतं. तरी त्यात ज्योत्स्नाबाईंना काहीतरी खटकलं. तिला आठवावं लागत नव्हतं. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर येत होतं, शब्द घासून गोल झालेले. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. आतून ओळखीचा. त्यांनी नजर पातेल्याकडे वळवली, कुठेतरी बघायला हवं म्हणून. खळीला फिकी निळी झाक होती.

"मोरचूद घातलंय," योगिनी म्हणाली. "कसर धरत नाय, उंदीर तोंड लावत नाय. लय चांगला उपाय दिलात. आधी मी नुसतीच मैद्याची करायची, चार दिवसांत वास."

"मी दिला?"

योगिनीचा अंगठा कापडावर थांबला. आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं आणि आता ते परत घेता येणार नाही हेही लक्षात आलं. बाहेर मशीनचा तो बारीक आवाज झाला, कोणाचं तरी पुस्तक नोंदलं गेल्याचा.

ज्योत्स्नाबाईंनी उजवा हात उचलला. खुर्चीत बसल्यावर मनगट टेबलाच्या कडेवर जिथे टेकत होतं, तिथे कडेला खळीचा जुना थर वाळून बसला होता. बाहीवर कालचा काळानिळा डाग होता. भात नाही. पेज नाही. प्रयोग बरोबर होता, निष्कर्ष चुकला होता.

"मी किती वेळा आलेय?"

"दोनदा. आजची सोडून." योगिनीने हात फडक्याला पुसले, दोन्ही बाजूंनी, सावकाश. "मॅडम, आता विषय निघालाय तर मीच विचारते. पहिल्या खेपेला तुम्ही म्हणालात, माझ्या मुलीला फोन करून सांगा, माझ्या तोंडून नाही निघायचं. नंबर घालून दिलात माझ्या फोनमध्ये. मी म्हणलं, आत्ताच करते. तर म्हणालात, उद्या करा, आज तिला झोप लागणार नाही. दुसऱ्या दिवशी मी फोन हातात घेतला न् तुम्ही दारात. पहिल्यापासून सगळं परत. हेच पान, हेच सगळं. आन् मग काय म्हणालात, तर सायलीला अक्षर सांगायचं नाही. माझ्या पोरांची शपथ घातलीत मला. आता मी कोणतं धरू?"

ज्योत्स्नाबाईंनी टेबलावरचं पुस्तक मिटलं.

"मी मार्चपर्यंतच आहे इथं. ही थप्पी संपली की घरी. मग तुम्ही याल, आन् खोलीला कुलूप असेल. मला रात्री ते दिसतं डोळ्यांपुढं, खरंच सांगते. रावजीला काय, तो तुम्हाला कार्ड आधी लावा म्हणेल."

बाहेर रावजी खरोखरच कोणाला तरी तेच सांगत होता. ज्योत्स्नाबाईंना एकदम प्रयोगशाळेतली लांब टेबलं दिसली, ओळीने लावलेल्या ब्यूरेट, मुलींची वाकलेली डोकी. रीडिंग तीन घ्यायची. एकावर विश्वास ठेवायचा नाही. दोन आली आणि दोन्ही निराळी निघाली, तर रडत बसायचं नाही, तिसरं घ्यायचं. ज्याच्याशी तिसरं जुळेल ते उत्तर. सांगा, असं एक. सांगू नका, असं एक. तिसरं त्या आत्ता देणार होत्या. आणि मागच्या दोन्ही वेळा त्या याच खुर्चीत अशाच शांतपणे, रांगेने विचार करत बसल्या असतील, अशाच खात्रीने बोलल्या असतील. हीच उपमा तेव्हाही सुचली असेल. कदाचित हाच विचारही.

त्यांना घर दिसलं. अंधारातली बटणं, झाकलेलं दूध, पोस्टमास्तरच्या भावाची न उलगडलेली गोष्ट. "सांगू नका" म्हणणं किती सोपं होतं. म्हटलं की रिक्षा करून घरी, आणि उद्या-परवा सगळं परत कोरं. भीतीसुद्धा उरणार नाही. दर वेळी तेवढीच एक सकाळ वाईट, मग काही नाही. आईला तसंच होत असेल का? गाडी गेली हे कळायचं तेवढ्यापुरतंच.

"सांगा," त्या म्हणाल्या. "आत्ता. मी इथे असतानाच."

योगिनीने फोन काढला, पण नंबर लावला नाही. "आन् परवा येऊन परत नको म्हणालात तर?"

"तर ते धरू नका."

"शपथ घातलीत तर?"

"तरीही नाही. आजच्यानंतर मी काहीही म्हटलं तरी धरू नका." आवाज त्यांचा वर्गातला निघाला, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. तो ऐकून त्यांना स्वतःलाच बरं वाटलं आणि लगेच कळलं की आता या आवाजालाही दोऱ्याने चिठ्ठी बांधून झाली.

योगिनीने नंबर लावला. रिंग बराच वेळ वाजत राहिली. शेजारच्या भिंतीवरचं घड्याळ, खळीवरची साय, दोऱ्याचं रीळ, सगळं फार स्पष्ट दिसत होतं. मग पलीकडून सायलीचा आवाज आला, बारीक, घाईतला, कोण बोलतंय विचारणारा.

"मी योगिनी बोलते, नाशिकहून. वाचनालयातली. नाय नाय, घाबरू नका, तसं काही नाय. आई इथंच आहेत, माझ्यासमोर बसल्यात." तिने ज्योत्स्नाबाईंकडे एकदा पाहिलं आणि मग बोलायला सोपं जावं म्हणून तोंड जरा भिंतीकडे केलं. "हो, चहा-पाणी घेतात. हो. चालत नाय, रिक्षाने येतात. रस्ता नाय चुकल्या अजून. तेच सांगायला फोन केलाय. सांगा म्हणून त्याच म्हणाल्या मला."

ज्योत्स्नाबाई ऐकत होत्या. त्यांच्याबद्दल बोलणं चाललं होतं आणि त्यांना त्यात काही विचारलं जात नव्हतं. दारातून पलीकडे मशीनचा दिवा हिरवा होत होता, जात होता, परत हिरवा होत होता. काही वेळाने त्यांचं खाली लक्ष गेलं. डाव्या हाताची बोटं उजव्या बाहीची कड त्या डागावरून दुमडत होती. दुमडत होती, सोडत होती, परत दुमडत होती.